भयाकडून सेवेकडे : मराठी ख्रिस्ती आत्मनिवेदनांतील विलंबाचा अर्थ

१

एकोणिसाव्या शतकातील मराठी ख्रिस्ती लेखनाकडे दोन दृष्टींनी पाहण्याची मराठी समीक्षेला सवय झाली आहे. एका दृष्टीने ते धर्मप्रसाराचे साधन ठरते आणि त्याची वाङ्मयीन चर्चा तेथेच संपते. दुसऱ्या दृष्टीने ते प्रबोधनाच्या इतिहासातील एक साधन ठरते. त्यातून विधवांची स्थिती, जातिबंधने, शिक्षणाचा प्रसार यांविषयीची माहिती वेचून घेतली जाते आणि उरलेला भाग बाजूला ठेवला जातो. या उरलेल्या भागातच या लेखनाचा खरा गाभा आहे, ही गोष्ट दोन्ही दृष्टींतून निसटते. तो गाभा म्हणजे भय. ईश्वराने आपल्याला बोलावले आहे असे वाटू लागलेल्या माणसाला त्या बोलावण्याची वाटणारी भीती, आणि त्या सेवेला आपण लायक नाही ही त्याला छळणारी शंका. बाबा पदमनजी, नीलकंठशास्त्री गोऱ्हे, पंडिता रमाबाई, नारायण वामन टिळक आणि लक्ष्मीबाई टिळक या पाच व्यक्तींची चरित्रे व आत्मनिवेदने एकत्र ठेवून वाचली, तर या भयाला एक इतिहास आहे आणि त्या इतिहासाला एक रूपही आहे, असे लक्षात येते.

भयाचा विचार वाङ्मयात करताना एक अडचण पहिल्यापासून उभी राहते. आपल्या अपात्रतेचा उच्चार हा मराठी वाङ्मयातला रुळलेला संकेत आहे. ज्ञानेश्वरांनी गीतार्थाला हात घालताना स्वतःची तुलना समुद्राचा ठाव घेऊ पाहणाऱ्या टिटवीशी केली. पुढे प्रत्येक पुराणकाराने आणि आख्यानकवीने श्रोत्यांपुढे आपली मंदमती निवेदन केली. संकेत म्हणून आलेला विनय आणि अनुभव म्हणून आलेली स्वशंका यांत भेद कसा करावयाचा? शब्दांवरून तो करता येत नाही, कारण दोहोंचे शब्द सारखेच असतात. तो करता येतो कालावरून. संकेतातला विनय ग्रंथाच्या आरंभी येतो आणि दुसऱ्याच ओवीत ग्रंथ सुरू होतो. खरी स्वशंका मात्र माणसाला थांबवून ठेवते. ती त्याची वर्षे घेते. म्हणून या लेखनात भयाची खूण शोधावयाची ती भयाच्या वर्णनात न शोधता विलंबात शोधली पाहिजे. मनाने निर्णय घेतल्यापासून तो जगापुढे उच्चारीपर्यंत, आणि उच्चारल्यापासून प्रत्यक्ष सेवेला लागेपर्यंत, किती काळ गेला आणि त्या काळात काय घडले, हा या निवेदनांना विचारावयाचा पहिला प्रश्न आहे.

२

विलंबाचे मूळ रूप या लेखकांना त्यांच्या धर्मग्रंथातच भेटले होते. अमेरिकन मिशनऱ्यांनी मुंबईत केलेला नव्या कराराचा मराठी अनुवाद १८२६मध्ये छापून झाला. जुन्या कराराचे भागही त्यानंतर क्रमाने मराठीत आले. त्या जुन्या करारात ईश्वराच्या बोलावण्याच्या ज्या कथा आहेत, त्यांत एक गोष्ट नित्य आढळते : ज्याला बोलावले जाते तो आधी नाही म्हणतो. निर्गम या पुस्तकाच्या तिसऱ्या व चौथ्या अध्यायांत मोशे जळत्या झुडपापुढे उभा राहून एकामागून एक पाच हरकती घेतो. फारोपुढे जाणारा मी कोण, ही पहिली. मला पाठवणाऱ्याचे नाव काय सांगू, ही दुसरी. लोक माझ्यावर विश्वास ठेवणार नाहीत, ही तिसरी. माझी जीभ जड आहे, ही चौथी. पाचव्या खेपेला तो कारणच देत नाही. दुसऱ्या कोणाला तरी पाठव, एवढेच म्हणतो. यिर्मया आपल्या कोवळ्या वयाकडे बोट दाखवतो, यशया आपल्या अशुद्ध ओठांकडे, गिदोन आपल्या कुळाच्या क्षुद्रतेकडे.

नॉर्मन हाबेल या अभ्यासकाने १९६५मध्ये या कथांचा रूपबंध उलगडून दाखवला. दर्शन, प्रास्ताविक वचन, आज्ञा, हरकत, आश्वासन आणि खूण असे सहा टप्पे त्याने मांडले. या मांडणीत महत्त्वाची गोष्ट ही की, हरकत हा रूपबंधाचा अपघाती भाग नाही. ती त्याच्या मध्यावर आहे आणि ती काढून टाकली तर कथाच उभी राहत नाही. जो हरकत घेत नाही त्याला बोलावणे ऐकूच आले नाही, असा या कथांचा ध्वनी आहे. शिवाय आश्वासन मिळते तेही हरकतीचे खंडन करून मिळत नाही. मोशेची जीभ जडच राहते. बोलण्यासाठी त्याच्याबरोबर भाऊ दिला जातो. उणीव तशीच राहते आणि काम पुढे चालू लागते.

मिशनऱ्यांबरोबर जो भक्तिपर साहित्याचा साचा मराठीत आला, तो याहून वेगळा होता. हरि केशवजींनी १८४१मध्ये 'यात्रिकक्रमण' या नावाने बन्यनच्या रूपककथेचा अनुवाद मराठीत आणला. पाठीवरचे ओझे घेऊन निघालेला यात्रेकरू, संशयाची दलदल, अखेरीस उतरलेले ओझे आणि पुढची वाट, ही प्रतिमामाला मराठी ख्रिस्ती मनात रुजली. बन्यनच्या यात्रेकरूला पुढेही भयाचे व निराशेचे प्रसंग येतात, हे खरे. परंतु मिशनच्या वृत्तांतांत आणि पत्रकांत जो साचा रूढ झाला त्याने हा पुढचा भाग गाळला. त्या साच्यात अंधार पूर्वार्धात आणि उजेड उत्तरार्धात असतो, मधली सीमारेषा बाप्तिस्म्याची असते. १८४२मध्ये अहमदनगरला सुरू झालेल्या 'ज्ञानोदया'च्या काळापासून हा साचा वाचकांच्या परिचयाचा होत गेला. मराठी ख्रिस्ती आत्मनिवेदनाचा इतिहास म्हणजे या दोन रूपबंधांतील ओढाताणीचा इतिहास आहे. एका रूपबंधात शंका ओलांडून मागे टाकावयाची असते; दुसऱ्यात ती बरोबर घेऊन चालावयाचे असते.

३

बाबा पदमनजी (१८३१–१९०६) यांच्या आत्मचरित्राचे नावच 'अरुणोदय' आहे. उजाडण्याची ही प्रतिमा पहिल्या साच्याशी जुळणारी आहे, आणि निवेदनाचा ओघही बाप्तिस्म्याच्या दिशेने वाहतो. ३ सप्टेंबर १८५४ रोजी बेळगावात त्यांचा बाप्तिस्मा झाला तेव्हा ते तेवीस वर्षांचे होते. परंतु या निवेदनाचा जो भाग वाचकाच्या मनात राहतो, तो त्या दिवसाआधीच्या लांबलेल्या काळाचा आहे. बेळगावच्या सुखवस्तू कासार कुटुंबातील हा मुलगा मिशनच्या शाळेत शिकतो, मुंबईस येतो, ख्रिस्ती ग्रंथ वाचतो, मनाने जवळजवळ पटलेला असतो आणि तरीही पाऊल उचलत नाही. याच काळात तो परमहंस सभेत जातो.

परमहंस सभेचा हा प्रसंग भयाच्या इतिहासात फार बोलका आहे. ही गुप्त मंडळी होती. जातिभेद मोडावयाचा, पण बंद दाराआड; सहभोजन करावयाचे, पण नावे उघड होऊ द्यावयाची नाहीत, असा तिचा रिवाज होता. पदमनजींच्या मनातील द्वंद्वाला सभेने काही काळ आसरा दिला, कारण विश्वास आणि सुरक्षितता यांची एकत्र सोय तेथे होत होती. पुढे सदस्यांची नावे फुटताच सभा विस्कटली. गुप्ततेवर उभा असलेला विश्वास उघडकीच्या पहिल्या धक्क्याला टिकत नाही, हा धडा त्या पिढीला तेथे मिळाला.

हा धडा पदमनजींच्या ललित लेखनात उतरला आहे. १८५७ची 'यमुनापर्यटन' ही विधवांच्या दुःस्थितीची कादंबरी म्हणून ओळखली जाते आणि ती ओळख योग्यच आहे. तथापि तिच्या कथानकाची कळ निराळी आहे. यमुना आणि विनायक हे दांपत्य मनाने ख्रिस्ती आहे आणि ते त्यांनी जगापासून लपवले आहे. त्यांच्या प्रवासात ज्या ज्या विधवा भेटतात त्यांचे दुःख पाहणारे डोळे हे असे झाकलेल्या श्रद्धेचे डोळे आहेत. विनायकाच्या मृत्यूनंतर यमुना स्वतः त्याच दुःखाच्या तोंडी जाते आणि अखेर उघडपणे नवा धर्म व नवा विवाह स्वीकारते. म्हणजे मराठीतल्या आरंभीच्या कादंबरीचा सांगाडा गुप्त श्रद्धा आणि उघड श्रद्धा यांमधल्या अंतरावर रचलेला आहे. स्वतःच्या बाप्तिस्म्यानंतर तीनच वर्षांत पदमनजींनी ही कादंबरी लिहिली, आणि त्यांनी नुकतेच ओलांडलेले अंतर तिच्यात मोजलेले दिसते.

'अरुणोदया'ची मर्यादाही येथेच लक्षात घ्यावी. त्याचे निवेदन बाप्तिस्म्यापाशी येऊन आपला हेतू पुरा झाला असे मानते. पदमनजी पुढे पाळक झाले, ते काम सोडून पूर्णवेळ ग्रंथलेखनाकडे वळले, शंभराहून अधिक लहानमोठी पुस्तके त्यांच्या हातून झाली. या दीर्घ सेवाकाळातल्या शंकांना 'अरुणोदया'त जागा नाही. उजाडल्यानंतरच्या दिवसाचे काय, हा प्रश्न त्या प्रतिमेतच बसत नाही.

४

तो प्रश्न नीलकंठशास्त्री गोऱ्हे (१८२५–१८९५) यांच्या चरित्राने उभा केला. काशीत वाढलेले हे चित्पावन पंडित ख्रिस्ती धर्माचे खंडन करण्यासाठी पुढे सरसावले होते. त्यासाठी त्यांनी संस्कृतात ग्रंथरचना केली. खंडन करता करता ते स्वतःच शंकेत सापडले आणि १८४८मध्ये जौनपूरला त्यांनी बाप्तिस्मा घेतला. नेहेम्या हे नाव त्यांना मिळाले. त्यांचा 'षड्दर्शनदर्पण' १८६०मध्ये हिंदीत निघाला आणि दोन वर्षांत फिट्झएडवर्ड हॉलच्या हातून इंग्रजीतही गेला. बाहेरून पाहणाऱ्याला हा आत्मविश्वासाने भरलेल्या वादपटूचा चढता आलेख वाटेल.

आतली स्थिती वेगळी होती. १९००मध्ये सी. ई. गार्डनर यांनी प्रसिद्ध केलेल्या चरित्रात गोऱ्ह्यांच्या पत्रांतून आणि आठवणींतून जो माणूस दिसतो, तो बाप्तिस्म्यानंतरही शंकेने व्यापलेला आहे. न्यायशास्त्रात मुरलेली बुद्धी धर्म बदलला म्हणून बदलत नाही. प्रत्येक सिद्धांताला पूर्वपक्ष असतोच आणि तो मांडल्याखेरीज उत्तरपक्ष उभा राहत नाही, ही तिची शिस्त गोऱ्ह्यांनी नव्या श्रद्धेतही सोडली नाही. बाप्तिस्म्यापासून पुरोहितपदाची दीक्षा मिळेपर्यंत, म्हणजे १८७०पर्यंत, दोन दशकांहून अधिक काळ गेला. पुढे ते एका संन्यस्त ख्रिस्ती संघात उमेदवार म्हणून राहिले, परंतु त्या संघाचे अंतिम व्रत त्यांनी घेतले नाही. दाराशी येऊन उभे राहण्याची ही वृत्ती त्यांच्या आयुष्यात पुन्हा पुन्हा दिसते.

या विलंबामागे परक्या सत्तेच्या धर्मसंस्थेत एतद्देशीय माणसाला मिळणारे स्थान हेही एक कारण होते. गोऱ्यांच्या राहणीशी जुळवून घेणारा पाळक व्हावयाचे की आपल्या लोकांत आपल्या रीतीने राहावयाचे, हा पेच त्यांना सुटला नाही. साधी, जवळजवळ बैराग्याची राहणी त्यांनी पत्करली. म्हणजे स्वशंकेच्या एका टोकाला ईश्वर होता आणि दुसऱ्या टोकाला समाजव्यवस्था. आपण लायक आहोत काय, या प्रश्नात कोणाच्या दृष्टीने लायक, हा दुसरा प्रश्न दडलेला होता. वासाहतिक काळातील एतद्देशीय धर्मसेवकाच्या भयाचे हे वैशिष्ट्य आहे आणि केवळ भक्तिपर साच्यातून ते दिसू शकत नाही.

विलक्षण गोष्ट अशी की, आयुष्यभर शंकेशी झगडलेल्या या माणसाच्याच युक्तिवादांनी इतरांना निर्णयापर्यंत आणले. त्यांत सर्वांत ठळक नाव पंडिता रमाबाईंचे आहे.

५

रमाबाईंचा (१८५८–१९२२) बाप्तिस्मा २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमधील वाँटेज येथे झाला. त्याच्या थोडेच आधी त्यांच्याबरोबर आलेल्या आनंदीबाई भगत यांचा तेथेच करुण अंत झाला होता. अशा पार्श्वभूमीवर झालेला हा निर्णय घाईचा होता की पक्व, याची चर्चा तेव्हापासून चालू आहे. त्या चर्चेत रमाबाईंचे स्वतःचे उत्तर पुरेसे ऐकले गेलेले नाही. १९०७च्या आपल्या साक्षीत त्यांनी म्हटले आहे त्याचा मथितार्थ असा की, बाप्तिस्म्याच्या वेळी त्यांना ख्रिस्ती धर्म सापडला होता. ख्रिस्त सापडण्यास आणखी आठ वर्षे लागली.

हे विधान मराठी ख्रिस्ती आत्मनिवेदनाच्या इतिहासात एक वळण घडवते. 'अरुणोदया'त जी सीमारेषा शेवटची होती ती येथे मध्येच येते, आणि तिच्यानंतर पुन्हा अंधार आहे. त्या आठ वर्षांत रमाबाई स्वस्थ बसल्या नव्हत्या. त्या अमेरिकेत गेल्या, 'द हाय-कास्ट हिंदू वूमन' हे पुस्तक त्यांनी लिहिले, ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन काढले. सेवा चालू होती आणि तिच्या मुळाशी असलेली खात्री जागेवर नव्हती. या काळाच्या अखेरीस त्यांच्या हाती विल्यम हॅसलम या इंग्रज धर्मोपदेशकाचे आत्मचरित्र पडले. हॅसलम हा अनेक वर्षे पाळक असलेला माणूस. आपलेच प्रवचन चालू असताना आपल्यापाशी श्रद्धा नव्हती हे त्याला उमगले. उपदेश करणाराच उपदेशाला पारखा असू शकतो, या कल्पनेने रमाबाईंना आपली स्थिती ओळखू आली. सेवेने श्रद्धेची उणीव भरून निघत नाही, आणि श्रद्धा डळमळली म्हणून सेवा खोटी ठरत नाही, अशी दुहेरी जाणीव या साक्षीतून मिळते.

रमाबाईंच्या शंकेचे आणखी एक अंग त्यांच्या पत्रव्यवहारात आहे. तो अ. भि. शहा यांनी १९७७मध्ये संपादित करून प्रकाशात आणला. सिस्टर जेराल्डिन आणि डोरोथिया बील यांच्याशी वाद घालताना रमाबाई त्रैक्याच्या सिद्धांतावर प्रश्न उभे करतात, चर्चच्या अधिकारावर हरकत घेतात आणि आपल्याला दिलेल्या क्रुसावर लॅटिन अक्षरे कशासाठी, असेही विचारतात. वाँटेजच्या भगिनींना हा अहंकार वाटला. त्यांनी अपेक्षिलेली स्वशंका आज्ञाधारक होती. रमाबाईंची शंका सदसद्विवेकातून आलेली होती. ईश्वरापुढे आपण धूळ आहोत असे मानणारी स्त्री माणसांपुढे मान तुकवीलच असे नाही, हा भेद त्या भगिनींना कळला नाही. ईश्वराचे भय आणि माणसांचे भय ही या निवेदनांत बहुधा व्यस्त प्रमाणात असतात.

माणसांच्या भयाची खरी कसोटी १८९३मध्ये लागली. सदनातील मुलींवर ख्रिस्ती धर्माचा प्रभाव पडतो या आरोपावरून पुण्यात गदारोळ झाला. रानडे, भांडारकर यांच्यासारख्या हितचिंतकांनी सल्लागार मंडळाचा राजीनामा दिला, अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. विरोधकांचा आक्षेप निराधार होता असे म्हणता येणार नाही. धार्मिक बाबतीत तटस्थ राहण्याच्या अटीचा त्यांनी घेतलेला अर्थ त्यांच्या दृष्टीने रास्त होता. रमाबाईंनी आपल्या श्रद्धेची दारे लावून घेण्याचे नाकारले. आणि तीनच वर्षांनी, १८९६च्या अखेरीस मध्य प्रांतात दुष्काळ पसरला तेव्हा त्या तिकडे गेल्या आणि शेकडो मुली व स्त्रिया घेऊन परतल्या. १८७०च्या दशकातील दुष्काळात आईवडील आणि बहीण गमावलेल्या स्त्रीला त्या दृश्याचे भय वाटले नसेल असे संभवत नाही. केडगावचे मुक्ती सदन त्या भयाच्या पोटातून उभे राहिले. स्वतःच्या जखमेची आठवण हेच बोलावणे ठरावे, असा हा प्रकार आहे.

६

नारायण वामन टिळकांच्या (१८६१–१९१९) बाबतीत विलंबाचा कालखंड नेमका मोजता येतो. १८९३मध्ये राजनांदगावकडे जाताना आगगाडीत भेटलेल्या एका युरोपियनाने त्यांच्या हाती नवा करार ठेवला. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. मधली दोन वर्षे त्यांनी नाव उघड न करता पत्रे लिहिण्यात, प्रश्न विचारण्यात आणि स्वतःशी झगडण्यात घालवली. पर्वतावरील प्रवचन वाचताच मनाने ते जिंकले गेले होते, असे त्यांच्या चरित्रकारांनी नमूद केले आहे. मग दोन वर्षे कशाची? नोकरीची, प्रतिष्ठेची आणि आप्तांची भीती त्यात होतीच. पण तिच्याहून मोठी एक गोष्ट होती : या निर्णयाची किंमत ज्या व्यक्तीला सर्वाधिक मोजावी लागणार होती, तिला त्यात विचारलेच गेले नव्हते.

येथे विलंबाच्या नीतीचा प्रश्न येतो. भक्तिपर साचा विलंबाला भ्याडपणा मानतो आणि निर्णयाच्या क्षणी सर्व नाती तोडणाऱ्याचा गौरव करतो. प्रत्यक्षात त्या विलंबात दुसऱ्याच्या दुःखाचा हिशेब असतो. टिळकांचे भय हे केवळ स्वतःसाठी नव्हते, आणि अखेरीस भयावर मात केली म्हणून तो हिशेब चुकता झाला असेही नाही. तो चुकता झाला की नाही हे कळण्यासाठी दुसऱ्या बाजूचे निवेदन हवे, आणि मराठीच्या सुदैवाने ते उपलब्ध आहे.

लक्ष्मीबाईंची (१८६८–१९३६) 'स्मृतिचित्रे' १९३४पासून भागाभागाने प्रसिद्ध झाली. त्यांतील भयाची कथा टिळकांपासून सुरू होत नाही. ती वडिलांच्या सोवळ्यापासून सुरू होते. १८५७च्या उठावानंतर घराण्यावर कोसळलेल्या आघाताने वडिलांना सोवळ्याचे वेड लागले आणि बाजारातून आलेली प्रत्येक वस्तू धुऊन घेण्यापर्यंत ते गेले. भयाने रीतीचे रूप घेतले की ते पिढीजात होते, हे लक्ष्मीबाईंनी कोणताही सिद्धांत न मांडता दाखवले आहे. पती ख्रिस्ती झाल्यावर काही वर्षे त्या वेगळ्या राहिल्या. नगरला आल्यावरही त्यांची चूल आणि पाणी निराळे होते. पुढे एके दिवशी जातिभेद हा ईश्वराने केलेला नाही अशी त्यांची खात्री पटली आणि त्या कोणाच्याही हातचे पाणी घेऊ लागल्या. १९०० साली त्यांनी मुलासह बाप्तिस्मा घेतला.

या क्रमाकडे लक्ष द्यावयास हवे. लक्ष्मीबाईंच्या बाबतीत आधी स्पर्शाचे भय गेले आणि मग श्रद्धेचा निर्णय आला. तर्क, ग्रंथ आणि वादविवाद यांना त्यात दुय्यम स्थान आहे. पाण्याचा एक पेला हे त्यांचे जळते झुडूप आहे. शिवाय हे सर्व ज्या विनोदबुद्धीने सांगितले आहे, तिने अंधार-उजेडाचा साचा आपोआप मोडतो. आपल्या पूर्वायुष्यातील भयाकडे त्या तिरस्काराने पाहत नाहीत. घाबरलेल्या त्या मुलीवर त्यांची माया आहे. आपण बदललो म्हणजे आधीचे आपण खोटे होतो, असे न मानणारे धर्मांतराचे निवेदन मराठीत तरी दुसरे सहज सापडत नाही.

७

टिळकांच्या सेवाजीवनात दुसरा विलंब आला तो अधिक खोल होता. १९०४मध्ये त्यांना पाळकपदाची दीक्षा मिळाली; कवी, कीर्तनकार, शिक्षक आणि 'ज्ञानोदया'च्या मराठी विभागाचे लेखक म्हणून ते मिशनचे भूषण ठरले. आणि तरीही, दोन दशकांच्या सेवेनंतर, आपण लोकांपुढे ख्रिस्त उभा करतो आहोत की परदेशी संस्थेचे चाकर म्हणून वावरतो आहोत, या शंकेने त्यांना घेरले. १९१७मध्ये त्यांनी मिशनचे वेतन सोडले आणि बाप्तिस्मा घेतलेल्या व न घेतलेल्या दोन्ही प्रकारच्या भक्तांना सामावणारा 'देवाचा दरबार' मांडला. दोन वर्षांतच, मे १९१९मध्ये, त्यांचा मृत्यू झाला. दरबार संस्था म्हणून फार टिकला नाही. परंतु या घटनेने एक गोष्ट सिद्ध केली : पहिल्या बोलावण्याला होकार देताना जे धैर्य लागते त्याहून अधिक धैर्य, त्या होकाराचे जे व्यवहारी रूप होऊन बसले आहे त्याविषयी शंका घेताना लागते.

टिळकांना हे बळ कोठून मिळाले, याचे उत्तर त्यांनी स्वतःच सूचित केले होते. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्तापर्यंत आलो, अशी त्यांची धारणा प्रसिद्ध आहे. हे विधान बहुधा समन्वयाची घोषणा म्हणून वाचले जाते. रूपबंधाच्या दृष्टीने त्याचा अर्थ अधिक नेमका आहे. तुकारामांच्या अभंगांत साक्षात्कारानंतरही अपात्रतेची जाणीव थांबत नाही. देवाशी भांडण, स्वतःवर रोष आणि पुन्हा शरणागती हे चक्र अखेरपर्यंत फिरत राहते. मोशेच्या हरकतींचे आणि तुकारामांच्या करुणापर अभंगांचे नाते असे जवळचे आहे. परदेशी साच्याने बाप्तिस्म्यानंतर जी शंका निषिद्ध ठरवली होती, तिला अभंगाच्या रूपाने टिळकांना घर मिळाले. त्यांच्या भक्तिगीतांत कमालीची आर्तता येते आणि ती नवख्याची वाटत नाही, याचे कारण हे आहे.

या इतिहासाचा शेवटचा अध्याय पुन्हा लक्ष्मीबाईंचा आहे. टिळकांनी 'ख्रिस्तायन' हे महाकाव्य हाती घेतले होते. दहा-अकरा अध्यायांपुढे ते गेले नाही. पतीकडून जेमतेम लिहावाचायला शिकलेल्या, शाळेचे तोंड न पाहिलेल्या लक्ष्मीबाईंनी ते पुढे नेले आणि त्याचा फार मोठा भाग रचला. त्यांच्या मृत्यूनंतर १९३८मध्ये ते प्रसिद्ध झाले. या काव्याची वाङ्मयीन गुणवत्ता 'स्मृतिचित्रां'च्या तोडीची नाही, हे मान्य करावयास हरकत नाही. परंतु एका थोर कवीचे अपुरे काव्य आपण पुरे करावे काय, हा प्रश्न त्या बाईंना पडला नसेल असे मानणे अवघड आहे. आणि त्या प्रश्नाला त्यांनी दिलेले उत्तर म्हणजे ते अध्याय. आपली जीभ जड आहे म्हणून दुसऱ्याला पाठव, असे म्हणणाऱ्याला ईश्वराने भाऊ दिला. येथे ज्याची जीभ चपळ होती तो निघून गेला आणि जिची जड समजली जात होती तिने काम पुरे केले.

८

या पाच निवेदनांवर एक आक्षेप संभवतो. शंकेचे वर्णन हेही प्रचाराचेच अंग आहे. ज्या निर्णयाला इतका विरोध पार करावा लागला तो निर्णय खराच असला पाहिजे, असे वाचकाला भासवण्याची ती युक्ती आहे, असे म्हणता येईल. पत्रकांतल्या आणि मिशनच्या वृत्तांतांतल्या साचेबंद कथांच्या बाबतीत हा आक्षेप बव्हंशी खरा आहे. तेथे शंका येते ती निरसनासाठीच येते. परंतु गोऱ्ह्यांची वीस वर्षे, रमाबाईंची आठ वर्षे आणि टिळकांचा सेवेअखेरचा राजीनामा यांचा त्या युक्तीला काही उपयोग नव्हता. उलट त्या अडचणीच्याच गोष्टी होत्या. ज्या संस्थांसाठी हे लोक राबले त्यांना ही शंका नकोशी होती, आणि ज्या समाजाला त्यांनी सोडले त्याला ती उपहासाचा विषय वाटली. दोन्हीकडून नको असलेली गोष्ट ज्यांनी नोंदवून ठेवली, त्यांची नोंद केवळ युक्ती म्हणून बाजूला सारता येत नाही.

२०१९मध्ये उस्मानाबादच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदी फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांची निवड झाली तेव्हा मराठी ख्रिस्ती लेखनाच्या परंपरेचा पुष्कळ उल्लेख झाला, आणि धर्मगुरूने हे पद भूषवावे काय यावर विरोधही उमटला. गौरव आणि विरोध या दोन्हींत या परंपरेचे एकच चित्र गृहीत होते : ती खात्रीने बोलणाऱ्यांची परंपरा आहे. तिच्या मुळाशी असलेल्या लेखकांची निवेदने मात्र वेगळे सांगतात. त्यांनी भय जिंकले असे म्हणण्यापेक्षा भयासह कामाला लागण्याची रीत त्यांनी शोधली, असे म्हणणे अधिक यथार्थ ठरेल. केडगावच्या वस्तीत, नगरच्या स्वयंपाकघरात आणि साताऱ्याच्या दरबारात ती रीत वेगवेगळी होती. तिच्या खुणा निवेदनांच्या ठाम वाक्यांत फारशा नाहीत. त्या तारखांच्या मधल्या मोकळ्या जागांत आहेत, आणि तेथेच त्या वाचावयास हव्यात.